अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपट पाहून आल्यावर मी त्याविषयी बराच काळ बोलत राहते, आणि ऐकणारे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. प्रत्येकाला निरनिराळे उत्तर देताना माझीच मते मला नीट सापडेनाशी झाली, म्हणून ती एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे. ही मते एका प्रेक्षकाची आहेत. चित्रपटनिर्मितीशी माझा कोणताही व्यावसायिक संबंध नाही.

अलीकडे कोणते चित्रपट पाहिले?

पहिल्यांदाच पाहिलेल्यांमध्ये जोनाथन ग्लेझर यांचा ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’, जस्टीन त्रिए यांचा ‘अनॅटमी ऑफ अ फॉल’, विम वेंडर्स यांचा ‘परफेक्ट डेज’ आणि ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘ओपनहायमर’ हे चार चित्रपट आहेत, आणि हे चारही २०२३ सालचे आहेत. त्याशिवाय पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ (२०२४) आणि रोहन कानवडे यांचा मराठी ‘साबर बोंडं’ (२०२५) पाहिला. ‘पथेर पांचाली’, ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ आणि ‘कोर्ट’ हे तीन चित्रपट पूर्वी पाहिलेले होते, ते पुन्हा पाहिले.

या उत्तरांत कथा आणि शेवट उघड होतात का?

होतात. एखादे दृश्य का आवडले हे त्या दृश्याचे वर्णन केल्याशिवाय सांगता येत नाही. मात्र ‘अनॅटमी ऑफ अ फॉल’ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी तो आधी पाहावा आणि मगच त्याविषयीचे उत्तर वाचावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

यांतला सर्वांत अधिक परिणाम कोणत्या चित्रपटाचा झाला?

‘द झोन ऑफ इंटरेस्ट’चा, आणि त्याबाबत माझ्या मनात कोणतीही शंका नाही. नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ होस, त्याची पत्नी हेडविग आणि त्यांची मुले छावणीच्या भिंतीला लागून असलेल्या घरात राहतात, एवढीच त्याची गोष्ट आहे. भिंतीपलीकडे काय चालले आहे ते चित्रपट आपल्याला दाखवत नाही, फक्त ऐकवतो. बागेत फुले उमललेली असतात, मुले पाण्यात डुंबत असतात, आणि मागे कुठेतरी गोळीचा आवाज, कुत्र्यांचे भुंकणे, ओरडणे आणि भट्ट्यांची अखंड घरघर सुरू असते. सुरुवातीची काही मिनिटे पडदा जवळजवळ काळाच राहतो आणि केवळ मिका लेव्ही यांचे संगीत ऐकू येते. पुढचा चित्रपट डोळ्यांइतकाच कानांनीही पाहायचा आहे, याची ती पूर्वतयारी असते.

दोन प्रसंग माझ्या मनातून जात नाहीत. छावणीतून आलेल्या कपड्यांपैकी एक फरचा कोट हेडविग आरशासमोर अंगावर चढवून पाहते. त्याच्या खिशात तिला लिपस्टिक सापडते आणि ती ओठांना लावून पाहते. कोट कोणाचा होता, त्या बाईचे पुढे काय झाले, यांबद्दल एकही शब्द उच्चारला जात नाही. दुसरा प्रसंग धाकट्या मुलाचा आहे. तो खोलीत एकटाच खेळत असताना, एका सफरचंदावरून झालेल्या भांडणासाठी कैद्याला शिक्षा होत असल्याचे आवाज खिडकीतून येतात. मुलगा पडदा किंचित सारून बाहेर पाहतो, पुन्हा खेळाकडे वळतो आणि असे पुन्हा करू नकोस, अशा अर्थाचे काहीतरी स्वतःशी पुटपुटतो. कैद्यांना मिळावीत म्हणून एक मुलगी रात्री चोरून सफरचंदे ठेवत असते, हे आपण आधीच पाहिलेले असते. तिच्या चांगुलपणाचा शेवट त्या शिक्षेत झाला असावा, हा धागा आपल्या मनात आपणच जोडतो आणि त्याच वेळी तो जोडल्याचे दुःखही होते.

घरात एकाच वेळी दहापर्यंत कॅमेरे दडवून ठेवलेले होते आणि चित्रीकरण करणारी मंडळी कलाकारांच्या आसपास नव्हती. त्यामुळे हे कुटुंब नकळत टिपले जात असल्यासारखे वागते. त्यांच्यापैकी कोणीही जवळून, भावुक चौकटीत दिसत नाही, आणि आपल्यालाही त्यांच्याविषयी जिव्हाळा वाटू नये याची ही पद्धत पुरेपूर काळजी घेते.

‘ओपनहायमर’ला ७ ऑस्कर मिळाले. तो तुम्हाला का आवडला नाही?

तो मला आवडला नाही, असे मी कधीच म्हटलेले नाही. माझी तक्रार एकाच गोष्टीबद्दल आहे. अणुबाँब घडवणाऱ्या शास्त्रज्ञावरच्या तीन तासांच्या त्या चित्रपटात पार्श्वसंगीत फारच कमी वेळा थांबते. चौकशी समितीसमोरची साधी प्रश्नोत्तरे सुरू असतानाही खाली तंतुवाद्यांचा ताण चढत राहतो, आणि वाक्याचे वजन काय आहे हे ठरवायला प्रेक्षकाला उसंत मिळत नाही. ओपनहायमरची भूमिका करणाऱ्या सिलियन मर्फी यांचा चेहरा जे आधीच सांगत असतो तेच संगीत पुन्हा मोठ्याने सांगते.

या तक्रारीचा सर्वांत चांगला पुरावा खुद्द त्या चित्रपटातच आहे. अणुबाँबच्या पहिल्या चाचणीच्या दृश्यात स्फोटाचा प्रकाश आधी येतो आणि आवाज नंतर पोहोचतो, कारण निसर्गात तसेच घडते. मधल्या त्या दीर्घ क्षणात फक्त श्वास ऐकू येतात. सगळे प्रेक्षागृह माझ्याबरोबर श्वास रोखून बसले होते. असा विश्वास चित्रपटाने आणखी चार-पाच ठिकाणी दाखवला असता तर मी त्याला या यादीत सर्वांत वर ठेवले असते. त्या वर्षी ध्वनीचे ऑस्कर ‘ओपनहायमर’ला न मिळता ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ला मिळाले, आणि तो निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो.

‘अनॅटमी ऑफ अ फॉल’मध्ये तिने नवऱ्याला मारले की नाही?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. त्याचे उत्तर चित्रपटात नाही, आणि ते नसणे ही पटकथेची चूक नसून तिचा कणा आहे. फ्रान्समधल्या बर्फाळ डोंगरातल्या घरात राहणाऱ्या सांड्रा या जर्मन लेखिकेचा नवरा वरच्या मजल्यावरून पडून मरतो आणि तिच्यावर खुनाचा खटला चालतो. घटनेच्या आसपास असलेला एकमेव माणूस म्हणजे त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा, आणि त्याची दृष्टी अधू आहे.

खटल्यात नवरा-बायकोच्या भांडणाचे ध्वनिमुद्रण वाजवले जाते. सुरुवातीला आपल्याला न्यायालयातले लोक ऐकताना दिसतात, मग दिग्दर्शिका आपल्याला थेट त्या घराच्या स्वयंपाकघरात नेते. भांडण शिगेला पोहोचते आणि हात उगारला जाईल असे वाटते, नेमक्या त्याच क्षणी आपण पुन्हा न्यायालयात परततो. आदळआपट, फुटण्याचा आवाज आणि झटापट आता फक्त ऐकू येते. कोणी कोणाला मारले हे न्यायाधीशांइतकेच आपल्यालाही अज्ञात राहते. म्हणजे जे आपण ‘पाहिले’ तेही खरोखर घडले होते की ऐकणाऱ्याच्या कल्पनेत उभे राहिले होते, अशी शंका मागाहून येते आणि ती शेवटपर्यंत फिटत नाही.

भाषेचा मुद्दा फारसा कोणी काढत नाही, पण मला तो तितकाच महत्त्वाचा वाटतो. सांड्राची मातृभाषा जर्मन, नवऱ्याची फ्रेंच, आणि घरात बोलली जाते ती इंग्रजी. खटला अर्थातच फ्रेंचमध्ये चालतो. आपल्या संसाराचा बारीकसारीक हिशेब परक्या भाषेत देताना ती अडखळते आणि शेवटी इंग्रजीकडे वळते. भाषा अपुरी पडलेल्या माणसाचे बोलणे इतरांना किती सहज खोटे वाटू शकते, हे तिची भूमिका करणाऱ्या सांड्रा ह्युलर यांनी फार संयमाने उभे केले आहे. ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’मधली हेडविगही त्यांनीच साकारली आहे. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात २०२३ मध्ये पहिले दोन मोठे सन्मान, पाम द’ओर आणि ग्राँ प्री, अनुक्रमे ‘अनॅटमी ऑफ अ फॉल’ आणि ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ यांना मिळाले. एकाच अभिनेत्रीच्या वाट्याला एकाच वर्षी अशा दोन भूमिका क्वचितच येतात.

माझे स्वतःचे मत? ती निर्दोष आहे, असे मी मानते. परंतु माझ्याकडे त्याला पुरावा नाही. मुलगा ज्याप्रमाणे काय मानायचे ते एका क्षणी ठरवतो, त्याप्रमाणेच मीही ते ठरवले आहे.

‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ संथ आहे अशी तक्रार ऐकू येते. ती खरी आहे का?

चित्रपट संथ आहे हे खरे, पण मला ती तक्रार वाटत नाही. मुंबईत काम करणाऱ्या प्रभा आणि अनू या दोन मल्याळी परिचारिका आणि त्यांच्याच रुग्णालयात स्वयंपाक करणाऱ्या पार्वती, अशा तिघींची ही कथा आहे. लग्नानंतर लगेचच जर्मनीला निघून गेलेला प्रभाचा नवरा आता फोनही करत नाही. एके दिवशी टपालाने तिच्या नावे एक लाल राइस कुकर येतो. सोबत चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचे नावही नाही, फक्त तो जर्मनीत बनलेला आहे एवढे कळते. पुढे एका रात्री ती जमिनीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. प्रभा साकारणाऱ्या कनी कुसृती यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी रडू नाही. यंत्राला मिठी मारण्यात आपण काही विचित्र करत आहोत असा भावही नाही. वर्षानुवर्षे न मिळालेल्या स्पर्शाविषयी यापेक्षा अधिक बोलणारे दृश्य मी अलीकडे पाहिलेले नाही, आणि दिग्दर्शिकेने ते घाईने उरकले असते तर ते हास्यास्पद झाले असते. संथपणाची किंमत इथे वसूल होते.

छाया कदम यांनी साकारलेल्या पार्वतीचे घर पाडले जाणार असते आणि ते आपले आहे हे सिद्ध करणारा एकही कागद तिच्याजवळ नसतो. ती आणि प्रभा रात्री बिल्डरच्या जाहिरातफलकावर दगड मारतात, त्या क्षणीचा त्यांचा आनंद अगदी शाळकरी मुलींचा आहे. त्यानंतर चित्रपट रत्नागिरीकडच्या समुद्रकाठी जातो आणि सबंध प्रकाशच बदलतो. शहरातली निळसर रात्र मागे पडून मातीचा, झाडांचा आणि उन्हाचा रंग येतो. या उत्तरार्धातले प्रभाचे आणि बुडता बुडता वाचलेल्या त्या अनोळखी माणसाचे संभाषण काहींना खटकते, कारण ते वास्तव आहे की तिच्या मनातले हे उघड सांगितलेले नाही. मला ते खटकले नाही. नवऱ्याला जे कधीच सांगता आले नसते ते तिने तिथे सांगितले, एवढे मला पुरले.

कानच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट ३० वर्षांनी पोहोचला आणि ग्राँ प्री घेऊन आला, याचा आनंद आहेच. परंतु पुरस्कारामुळे चित्रपट ‘अवघड’ असेल असे समजून अनेक जण त्याच्याकडे फिरकलेच नाहीत, याचे मला वाईट वाटते. तो मुळीच अवघड नाही.

‘साबर बोंडं’विषयी आपले मत काय?

वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा लहानपणीचा मित्र बाळ्या यांच्यातल्या प्रेमाची ही गोष्ट आहे. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक चित्रपट विभागातील कथापटांसाठीचे सर्वोच्च पारितोषिक २०२५ मध्ये या चित्रपटाला मिळाले. त्यात पार्श्वसंगीत नाही आणि कॅमेरा बहुतेक वेळ स्थिर आहे, त्यामुळे माणसे चौकटीत येतात, बसतात, उठून जातात आणि आपण तिथेच थांबून राहतो. मला सर्वांत भावली ती आनंदची आई. मुलाविषयी तिला सगळे ठाऊक आहे, आणि नातेवाईक लग्नाचा विषय काढतात तेव्हा ती त्याच्या बाजूने उभी राहते, तेही कोणताही गाजावाजा न करता. या विषयावरच्या चित्रपटांत घरच्यांचा विरोध हाच नाट्याचा मुख्य आधार असतो. इथे तो आधार काढून घेतल्यावरही चित्रपट उभा राहतो, हे मला फार मोलाचे वाटले.

‘परफेक्ट डेज’ सर्वांना आवडतो. तुमचे काही आक्षेप आहेत असे ऐकले.

एकच आक्षेप आहे, तोही प्रेमापोटी. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करणारा हिरायामा रोज पहाटे उठतो, रोपांना पाणी घालतो, गाडीत कॅसेट लावतो, काम करतो, दुपारी झाडांच्या पानांतून झिरपणाऱ्या उन्हाची छायाचित्रे काढतो आणि रात्री वाचता वाचता झोपी जातो. कोजी याकुशो यांना या भूमिकेसाठी कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सन्मान मिळाला. शेवटी गाडी चालवताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू आणि आसू आळीपाळीने उमटत राहतात, त्या एका दीर्घ दृश्यासाठीही तो दिला असता तरी चालले असते. चित्रपट जवळजवळ चौकोनी, ४:३ या प्रमाणातल्या चौकटीत आहे. एकट्या माणसाचे लहानसे घर आणि उंच झाडे या दोन्ही गोष्टी तिच्यात नेमक्या बसतात.

माझा आक्षेप असा की ती स्वच्छतागृहे फारच स्वच्छ आहेत. नामवंत वास्तुरचनाकारांनी टोकियोच्या शिबुया भागात उभारलेल्या १७ स्वच्छतागृहांच्या प्रकल्पातून या चित्रपटाची कल्पना निघाली, हे ध्यानात घेतले की कारण समजते. तरीही घाण साफ करणे हे ज्याचे रोजचे काम आहे, त्याच्या समाधानाची खोली कळायला ती घाण एकदा तरी दिसायला हवी होती. उलट, त्याची श्रीमंत बहीण येऊन गेल्यावर तो एकाएकी रडू लागतो तेव्हा त्याच्या पूर्वायुष्याविषयी चित्रपट काहीही सांगत नाही, आणि तिथे ते न सांगणेच योग्य आहे. एक गोष्ट प्रेक्षकावर सोपवलेली असते आणि दुसरी टाळलेली असते. मला वाटते, हिरायामाचे रडणे आपल्यावर सोपवले आहे आणि घाण मात्र टाळली आहे.

एकाच खोलीत घडणारा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ कंटाळवाणा होत नाही का?

खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवायला एका खोलीत बसलेल्या बारा ज्यूरी सदस्यांची ही गोष्ट आहे. ९६ मिनिटांपैकी जेमतेम तीन मिनिटे खोलीबाहेर आहेत, तरीही होत नाही, आणि त्याचे श्रेय केवळ संवादांना देणे अन्यायाचे आहे. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट यांनी चित्रपट पुढे सरकेल तशी अधिकाधिक लांब नाभीय अंतराची भिंगे, म्हणजे दूरचे जवळ आणून दाखवणाऱ्या लेन्स, वापरली. त्यामुळे मागच्या भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात. कॅमेऱ्याची उंचीही उतरत जाते. सुरुवातीला तो डोळ्यांच्या वर असतो, मग डोळ्यांच्या पातळीवर येतो आणि अखेरीस खालून पाहू लागतो, तेव्हा छत दिसायला लागते. प्रेक्षकाला यातले काही कळत नाही, पण कोंडल्यासारखे मात्र होते. निकालानंतरच्या बाहेरच्या मोकळ्या दृश्यात तो श्वास सुटतो. या वेळी मी मुद्दाम भिंतींवर लक्ष ठेवून चित्रपट पाहिला, आणि हे १९५७ साली, ज्यांचा हा पहिलाच चित्रपट होता अशा दिग्दर्शकाने केले आहे, या जाणिवेने थक्क झाले.

‘पथेर पांचाली’ इतक्या वर्षांनी पाहताना जुना वाटतो का?

सत्यजित राय यांच्या या १९५५ च्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह, म्हणजे जिच्यावरून प्रती काढतात ती फिल्म, १९९३ मध्ये लंडनमधल्या आगीत भाजली होती. जळून ठिसूळ झालेल्या त्या फिल्मवर तंत्रज्ञांनी अपार चिकाटीने काम केले, आणि २०१५ मध्ये नवी प्रत तयार झाली. अस्पष्ट, ओरखडे पडलेल्या प्रतीवरून ज्यांनी मत बनवले असेल त्यांनी ही प्रत अवश्य पाहावी. पाण्यावर नाचणारे किडे, पावसाचे पहिले थेंब, घरातल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, हे सर्व आता दिसते.

बंगालमधल्या खेड्यातल्या एका गरीब कुटुंबाची ही गोष्ट आहे: वडील हरिहर, आई सर्वजया, मुलगी दुर्गा आणि तिचा धाकटा भाऊ अपू. दुर्गेच्या मृत्यूनंतर हरिहर घरी परततो आणि तिच्यासाठी आणलेली साडी सर्वजयेच्या हाती देतो. ती कोसळते, आणि तिच्या आक्रोशाच्या जागी आपल्याला तारशहनाई या तंतुवाद्याचा सूर ऐकू येतो. संगीताने भावना मोठ्याने सांगू नये, असे मी ‘ओपनहायमर’विषयी म्हटले. इथे तर संगीत टिपेला जाते, मग हे कसे चालते, असे मला विचारले गेले आहे. फरक असा की इथे संगीत रडण्यावर चढवलेले नाही, ते रडण्याच्या जागी आलेले आहे. त्या आईचा खरा आवाज कसा असेल तो आपल्या मनात उमटतो.

आणि शेवटाकडे, घर सोडताना अपूला करवंटीत लपवलेली माळ सापडते, जी चोरल्याचा आळ दुर्गेवर आलेला असतो. म्हणजे दुर्गेने ती खरोखरच चोरलेली होती. अपू ती तळ्यात भिरकावतो. पाण्यावरचे शेवाळ क्षणभर दुभंगते आणि सावकाश पुन्हा मिटते. बहिणीची लाज भावाने कायमची झाकली.

डबिंग चांगले की सबटायटल्स?

सबटायटल्स. ‘अनॅटमी ऑफ अ फॉल’ एकाच भाषेत डब केला तर सांड्राचे अडखळणेच नाहीसे होईल.

घरी टीव्हीवर पाहिला तर चित्रपटाचे नुकसान होते का?

काही प्रमाणात होते, विशेषतः आवाजाचे. ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ टीव्हीच्या अंगच्या स्पीकरवर पाहिला तर अर्धा चित्रपट ऐकूच येत नाही, म्हणून निदान चांगले हेडफोन वापरावेत. आणखी एक काम मी सर्वांना आवर्जून करायला सांगते. बहुतेक टीव्हींमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी सोय मुळातच सुरू ठेवलेली असते, तिला सहसा मोशन स्मूदिंग म्हणतात. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, आणि ही सोय मधल्या चौकटी स्वतः तयार करून घालते, त्यामुळे चित्रपट मालिकेसारखा किंवा थेट प्रक्षेपणासारखा दिसू लागतो. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करावी.

तुम्ही तारे किंवा गुण का देत नाही?

पूर्वी देत असे. नंतर लक्षात आले की लोक गुण वाचतात आणि कारण वाचत नाहीत.

पुन्हा पाहिल्यावर मत बदलले, असे कधी झाले आहे का?

‘कोर्ट’च्या बाबतीत झाले. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाला २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात दोन पारितोषिके मिळाली होती. वीरा साथीदार यांनी साकारलेले लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर, त्यांच्या गाण्यामुळे एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे आणि खटला तारखांमागून तारखा रेंगाळतो. सुट्टी लागते, न्यायालयाची खोली रिकामी होते, एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा अंधारात बुडतो. प्रथम पाहिला तेव्हा माझे ठाम मत होते की चित्रपट इथेच संपायला हवा होता आणि न्यायाधीशांच्या सहलीचा पुढचा भाग अनावश्यक होता.

या वेळी तो भाग मी लक्षपूर्वक पाहिला. सहलीत न्यायाधीश एका परिचिताला त्याच्या मुलाच्या बोलण्याच्या अडचणीवर अंकशास्त्राचा आणि खड्याच्या अंगठीचा सल्ला देतात. न्यायालयात पुराव्याची आणि नियमांची भाषा बोलणारा हाच माणूस आहे. नंतर ते बाकावर बसल्या बसल्या डुलकी घेतात, मुले खोडी काढण्यासाठी जवळ येऊन एकदम ओरडतात, ते दचकून जागे होतात आणि हाताशी सापडलेल्या मुलाला थप्पड मारतात. बाकीची मुले पळून जातात, मार खाल्लेला मुलगा रडू लागतो. कॅमेरा हलत नाही. न्यायाधीश थोडा वेळ तसेच बसतात, आणि मग त्यांची मान पुन्हा पुढे झुकते आणि त्यांना झोप लागते.